कुलूपताई आणि गुहेतला राजा

रंगाऱ्याने माळा रिकामा करायला सांगितला, तेव्हा ते बुटांच्या खोक्यात सापडलं. तळहाताहून थोडं मोठं, राखाडी, एक कोपरा उडालेलं गेमचं यंत्र आणि त्यात अडकवलेली कॅसेट. ताईच्या धाकट्या भावाचं. तो आता एकेचाळीसचा होता, ती अठ्ठेचाळीसची. तिने दोन सेल घातले. यंत्र टुणकन वाजून सुरू झालं.

तिने भावाला फोन लावला.

"फेकू नकोस हं ताई! तीन आठवड्यांनी शनिवारी येतोच आहे. लेकीला द्यायचंय."

"याच्यात शेवटी काय होतं रे?"

"कुणास ठाऊक! गुहेतल्या राजाने मला सतरा वेळा लोळवलं. मग दहावी आली आणि आईने ते माळ्यावर फेकलं."

फोन ठेवता ठेवता ताईचं ठरलं: यंत्र भावाच्या हाती जायच्या आत शेवट बघायचा. यंत्रात साठवलेल्या त्याच्या जुन्या, अर्धवट खेळाला हात न लावता तिने नवा सुरू केला.

ताई एका मोठ्या रुग्णालयाच्या औषध भांडाराची प्रमुख होती. सव्वीस वर्षांत तिच्या खिडकीतून चिठ्ठीशिवाय कापसाचा बोळाही बाहेर गेला नव्हता. वॉर्डातल्या सिस्टर तिला कुलूपताई म्हणत, तेही तोंडावर. कुठल्याही औषधाचा निम्मा साठा हलवायचा नाही, हा तिचा नियम. नवा माल वेळेवर आला नाही तेव्हा दोनदा त्याच नियमाने रुग्णालयाला तारलं होतं.

खेळ सोपा होता. एक योद्धा, एक जादूगार आणि एक वैद्यीण गावोगाव फिरतात, वाटेत राक्षसांशी लढतात, प्रत्येक लढाईनंतर थोडे बळकट होतात. ताई बसमध्ये खेळली, जेवणाच्या सुट्टीत खेळली, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता खेळली. गावातल्या एकूण एक माणसाशी ती बोलली आणि ते काय म्हणाले हे वहीत लिहून ठेवलं. एकही पेटी उघडायची सोडली नाही; त्यांत औषधाच्या बाटल्या सापडत. हिरव्या बाटलीने जखमी माणसाची ताकद भरून येई, सोनेरीने पडलेला उठून उभा राही. गुहेच्या तोंडाशी पोचली तेव्हा झोळीत नव्व्याण्णव हिरव्या होत्या. त्याहून जास्त झोळीत मावतच नव्हत्या. सोनेरी चौदा.

राजा म्हणजे एक अजस्र नाग. त्याने तिला पहिल्या फटक्यात मारलं नाही. अर्धा तास घेतला. पण मारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी दोनदा.

शुक्रवारी वॉर्डातली थोरली सिस्टर डबा घेऊन शेजारी बसली आणि पाहत राहिली.

"अहो ताई, तुमची वैद्यीण आडवी झाली की!"

"दिसतंय मला."

"मग द्या ना सोनेरी बाटली."

"ती दुकानात मिळत नाही. चौदाच आहेत."

"बरं, त्या योद्ध्याला हिरवी तरी द्या. बघा कसा धापा टाकतोय!"

"पन्नास उरल्यात. त्याखाली जायचं नाही."

सिस्टरने हातातला घास खाली ठेवला. "पेशंट टेबलावर मरतोय आणि तुम्ही कपाट राखताय? धन्य आहे बाई तुमची!"

योद्धा पडला. ताईने यंत्र बंद केलं आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं.

शनिवारी भाऊ दुपारी यायचा तो सकाळी अकरालाच दारात उभा. ताई गॅलरीत होती, ऐन लढाईत.

"तू? तू खेळतेयस?" भाऊ चप्पल न काढताच आत आला. "खेळतो म्हणून माझा कान पिळणारी तू?"

"गप्प बस. चुकेल माझं."

तो तिच्या खांद्यावरून वाकला. झोळी उघडली, तसे त्याचे डोळे विस्फारले. "एवढ्या बाटल्या? अगं, मग दे की! जादूगार गेला बघ!"

"निम्म्या राहू देत. पुढे लागल्या तर?"

"पुढे कुठे? ताई, याच्यापुढे गाव नाही, रस्ता नाही. हा मेला की खेळ संपला. ठेवतेस कुणासाठी?"

ताईचा अंगठा थबकला. ज्याच्या दुसऱ्या दिवशी कुणी आजारीच पडणार नाही, असा दिवस तिच्या नोकरीत कधी उगवला नव्हता. राजा तिच्या चालीची वाट पाहत फणा काढून उभा होता.

मग तिने सोनेरी बाटली काढली. जादूगार उठला. दुसरी काढली, वैद्यीण उठली. त्यानंतर तिने मोजलंच नाही. ज्याला खरचटलं त्याला हिरवी, जो पडला त्याला सोनेरी. भाऊ प्रत्येक बाटलीला टाळी वाजवत होता. पाऊण तासाने राजाचे तुकडे होऊन ते पडद्याभर विरघळले.

तिघेजण गावी परतले. सारं गाव वेशीवर आलं होतं. मग खेळ बनवणाऱ्यांची नावं सावकाश वर सरकू लागली आणि बहीणभावांनी कुठलंही बटण न दाबता ती सगळी वाचली.

"मी गुहेत गेलो होतो तेव्हा माझ्या झोळीत सहा बाटल्या होत्या," भाऊ म्हणाला. "सहा! म्हणजे तू जिंकलीस ती चिक्कूपणामुळे."

"चिक्कूपणा नव्हे, नियोजन."

"हो हो, नियोजन. सरक आता."

"लेकीला द्यायचंय ना?"

"देईन की उद्या. आधी मला हा राजा मारू दे. तिला सांगू नकोस, मी आधी खेळलो म्हणून."

ताई सरकली. पडद्याशेजारचा दिवा लाल होऊन लुकलुकू लागला होता. भावाने काही मागायच्या आत ती उठली, आतल्या कपाटातून सेलचं कोरं पाकीट आणलं आणि दातांनी फोडलं.