जोडलेल्या हातांचा हिरवा आकडा

लोह्याजवळच्या त्या गावात ग्रामसभेला एवढी गर्दी कधीच झाली नव्हती. पारासमोर भिंतीएवढा पडदा, पडद्यापुढं नारळ-उदबत्ती, अन् पडद्यावर हिरवागार आकडा! काही बाया तर चक्क पाया पडून आल्या.

"माणूस तोंडानं खोटं बोलंल, पण मोबाइलवर मन उघडं पडतं!" सिद्धेश्वरसर माइकवर घुमले. रस्त्याच्या कंपनीनं त्यांना धाडलं होतं. कपाळाला गंध, गळ्यात ओळखपत्र. "फेसबुकवर आमच्या रस्त्याच्या पोस्टखाली कॉमेंट पडली की आमचं यंत्र लगेच मनातलं ओळखतं. सहापदरी रस्त्याला शंभरातले त्र्याण्णव राजी!"

"लई भारी मशीन हाय!" सरपंच व्यंकटराव खूश. "मग हरकत न्हाई असा ठराव करून टाकू."

दहावीतली राजकन्या काकूजवळ सरकली. त्या रस्त्याखाली तिच्या चुलतीची, पंचफुलाबाईची, विहीर बुजणार होती. काकूचा सगळा भाजीपाला त्याच पाण्यावर.

काकू तिच्या कानाशी पुटपुटली, "माझ्या मनातलं कसं कळलं गं त्याला? मोबाइल तर न्हाई माझ्याकडं."

तेवढ्यात पडद्यावर राजी लोकांच्या कॉमेंटी सरकायला लागल्या अन् राजकन्येला स्वतःचंच नाव दिसलं! काल रागारागात तिनं लिहिलं होतं, 'काकूच्या विहिरीला भावपूर्ण श्रद्धांजली.' पुढं जोडलेले हात अन् गुलाब.

ती ताडकन उठली. "सर, मी श्रद्धांजली वाहिली. तुम्ही मला राजी कसं धरलं?"

"बाळ, यंत्राला भाव कळतो."

"मग बघूच की!" तिनं सगळ्यांसमोर मोबाइलवर लिहिलं, 'आम्हाला हा रस्ता नको,' अन् हात जोडले. पडद्यावर राजी कॉमेंटींच्या मोजणीचा आकडा एकानं वाढला. तेच वाक्य हातांशिवाय टाकलं. आकडा ढिम्म. गुलाब लावला, पुन्हा वाढला.

"आरं, हे तर नुसते हात अन् फुलं मोजून राहिलंय!" मागून सुदाममामा ओरडला. "आपण तर मयताच्या पोस्टलाबी हात जोडतो!"

हशा पिकला. सरांनी घाम पुसला. "किरकोळ चूक असते. पण अहवाल सकाळीच वर गेलाय."

हसू तिथंच विरलं. राजकन्या सरपंचांकडं वळली, "सरपंचकाका, निम्म्या गावाला रस्ता पाहिजेबी असंल. मला न्हाई माहीत, अन् या यंत्रालाबी न्हाई. ज्यांच्याकडं मोबाइल न्हाई ते तर त्यात मोजलेच न्हाईत. पडद्याला नारळ फोडण्यापरीस माणसाला विचारा. मग गावाचं खरं म्हणणं वर धाडा."

व्यंकटराव पडद्याकडनं लोकांकडं वळले. म्हणाले, "ठराव आज थांबला. वरचं मात्र मला सांगता येत न्हाई."

मग पंचफुलाबाई उठली. ग्रामसभेत ती कधी बोलली नव्हती. तिनं माइकसाठी हात पुढं केला.

"मला विचारा की. मी हितंच बसलेय."