मामांची बोट आणि मी

मित्रांनो, मी कंटेनर वाहणारे जहाज आहे. वयाने फारसे जुने नाही, पण एका जागी उभे राहून राहून जुने दिसू लागले आहे.

मला बांधताना अर्धे पैसे सरकारने दिले. पुढेही दरवर्षी माझ्या नावाने अनुदान येत राहिले. युद्ध झाले, मोठे संकट आले, तर देशाकडे स्वतःचे जहाज असावे, असा त्यामागचा हेतू होता. युद्ध काही झाले नाही. मी खेळणी, टायर आणि फरशा वाहिल्या. मला पाण्यात सोडले त्या दिवशी बँड वाजला होता आणि एका मंत्र्याने माझ्या पोटावर हात ठेवून फोटो काढला होता.

माझ्या मालकाने आणखी तीन कंपन्यांशी करार केला होता. कोणाचे जहाज कुठल्या बंदरात जाईल, एकाचा माल दुसऱ्याच्या जहाजावर कसा चढेल, भाडे किती असेल, सगळे चौघे मिळून ठरवत. भांडण नाही, तंटा नाही. शहाण्या भावंडांसारखे वागत.

फक्त एका लहानशा बंदरात त्यांची डाळ शिजत नव्हती. तिथे एका म्हाताऱ्याची स्वतःची बोट चाले. बोट जुनी होती, पण वेळेची पक्की. व्यापारी तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाला माल देत नसत.

एके दिवशी कंपनीच्या साहेबांनी माझ्या कप्तानाला फोन केला. "त्या बोटीच्या आदल्या दिवशी तिथे पोहोचायचं. भाडं निम्मं."

कप्तान म्हणाला, "साहेब, ती बोट माझ्या मामांची आहे."

"माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला पाठवतोय. त्यांचं वेळापत्रक तुम्हाला तोंडपाठ असणार."

होतेच. वडील गेल्यावर मामा-मामींनीच त्याला वाढवले होते. समुद्र त्याला मामांनीच शिकवला होता, त्याच बोटीवर.

आणि मी निघाले. कधी निम्मे रिकामे, कधी त्याहूनही रिकामे. मला तोटा होत नव्हता, कारण खड्डा अनुदानाने भरून निघत होता. चौघांनी या कामाला मलाच का निवडले, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

काही फेऱ्यांनंतर मामा माझी शिडी चढून वर आले. कप्तानाच्या केबिनमध्ये बसले, पाणी प्यायले. "या भाड्यात तुला परवडतं कसं रे?" त्यांनी विचारले. आवाजात राग नव्हता, हिशेब जुळत नसल्याची अडचण होती.

"मला परवडण्याचा प्रश्न नाही, मामा. सरकार भरून देतं."

मामा हसले. "कर तर मीही भरतो. म्हणजे मला बुडवायची वर्गणी मीच देतोय म्हण की."

कप्तान हसला नाही. पुढच्या फेरीलाही आम्ही आदल्या दिवशीच पोहोचलो.

मामांनी माणसे कमी केली. इंजिनाची दुरुस्ती पुढे ढकलली. मग एका दुपारी, बंदर दिसत असतानाच, त्यांचे इंजिन बंद पडले. वारा बोटीला खडकांकडे नेत होता. जवळपास मी एकटेच होते.

रेडिओवर मामांचा आवाज आला. "दोर दे रे. बंदराच्या तोंडापर्यंत ओढ, पुढचं मी बघतो."

माझ्या मागच्या डेकवर जाडजूड दोराची वेटोळी पडून होती. तेवढी बोट मला सहज ओढता आली असती. पण कप्तानाने आधी कंपनीला फोन लावला.

"माणसं वर घ्या," साहेब म्हणाले. "तो कायदा आहे. बोटीला हात लावायचा नाही. उगाच उशीर होईल."

माणसे वर घेतली. मामा सर्वांत शेवटी आले आणि माझ्या कठड्याला धरून उभे राहिले. आम्ही वेग घेतला. मागे त्यांची बोट हळूहळू आडवी होत चालली होती.

कप्तान जवळ आला. "मामा, आत या. वारा फार आहे."

"राहू दे. ती एकटी चाललीय. कोणीतरी बघायला हवं."

खडकावर आदळल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला नाही. ती कललेली तेवढी दिसली.

त्यानंतर भाडे दुप्पट झाले. व्यापारी कुरकुरले, मग एकेक करून दुकाने मिटू लागली. माल कमी झाला, तेव्हा चौघांनी ते बंदरच करारातून वगळले. मला तिथल्याच ओस धक्क्याला बांधून ठेवले. अनुदान मात्र चालू राहिले. अट एकच होती, जहाज धडधाकट हवे आणि त्यावर राखणदार हवा.

कप्तान तोवर कंपनीच्या कचेरीत साहेब झाला होता. राखणदार म्हणून त्याने मामांचे नाव सुचवले. आपण उपकार करतो आहोत असे त्याला मनापासून वाटले असावे. गावात दुसरे काम उरलेच नव्हते. मामा आले.

ते रोज माझा गंज खरवडतात, रंग देतात, बिजागऱ्यांना तेल घालतात. एकदा मामी धक्क्यावर येऊन म्हणाल्या, "याच्यावर हात फिरवताना तुमचं मन कसं होतं?"

"जहाजाचा काय दोष," मामा म्हणाले, आणि ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

मित्रांनो, त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

परवा सरकारी तपासनीस आले. सोबत माझा जुना कप्तान, मामांचा भाचा होता. शिडीशी उभे राहून मामा भाच्याला म्हणाले, "सांभाळून, साहेब. पायरी ओली आहे." तपासनिसांनी मला सगळीकडून पाहिले आणि म्हणाले, "उत्तम ठेवलंय. अनुदान वाढवून मिळायला हरकत नाही." त्यांनी भाच्याशी हस्तांदोलन केले.

ते उतरल्यावर भाचा मागे रेंगाळला. "मामा, मला साहेब म्हणू नका."

"मग काय म्हणू?" मामांनी विचारले. त्यांना खरोखरच उत्तर हवे होते.

भाचा शिडी उतरून गेला.

माझी काळजी घ्या, अशी विनंती मी तुम्हाला करणार नाही. माझी काळजी फार चांगली घेतली जाते. मोठे होऊन तुमच्यापैकी कोणी त्या कचेरीत बसलात, तर मामांना इथून घरी पाठवा, त्यांना पोट भरेल इतके द्या, आणि मला गंजू द्या.