चाळीस हजार वाचक

मावशीचा पारा चढला होता. स्वयंपाकघरातल्या फळीवरचा तिचा जुना लॅपटॉप सकाळपासून नुसता घरघरत होता. ती रोज एक पान लिहून नेहमीच्या वेबपासून वेगळ्या, फक्त मजकुराच्या एका छोट्या इंटरनेटवर ठेवायची आणि ती पानं या लॅपटॉपवरूनच लोकांपर्यंत पोहोचायची. तिथे चित्रं नाहीत, जाहिराती नाहीत आणि वाचणारे जेमतेम दहाजण.

ती उघडायला वेगळं ॲप लागायचं; साध्या ब्राउझरमध्येही दिसावीत म्हणून भाचीने हौसेने एक प्रॉक्सी सर्व्हर, म्हणजे मधला दुवा, बांधला होता. मावशीला विचारलं मात्र नव्हतं.

"चिडतेस काय गं? तीन दिवसांत चाळीस हजार वेळा उघडलीत तुझी पानं!"

"कुणी?"

भाचीने सर्व्हरच्या नोंदी चाळल्या आणि तिचा चेहरा पडला. सगळे सर्च इंजिनांचे बॉट होते, पानं आपोआप चाळत फिरणारे प्रोग्राम. त्यांना अडवायची सोय करायलाच ती विसरली होती.

"म्हणजे माणूस एकही नाही! माझ्या घरात यंत्रांची झुंबड घुसवलीस, तीही मला न विचारता?"

"तुझ्यासाठीच केलं ना मी."

"हो का? मग सांग, परवाचं पान कशावर होतं?"

भाचीने ते पान शोधायला घाईने लॅपटॉप पुढे ओढला.

"तुझ्यावर," मावशी म्हणाली आणि तिने लॅपटॉपची इंटरनेटची वायर उपटली.