साबुदाणा, मांजर आणि सुतळी

कुम्हारीहून सुटणाऱ्या साडेपाचच्या बसमध्ये रेणूच्या शेजारी ममता येऊन बसली. दोघी एकाच कारखान्यात पॅकिंगला, पण वेगवेगळ्या शेडमध्ये, त्यामुळे ओळख बसपुरतीच होती. बसल्या बसल्या ममताने विणकाम काढलं. रेणूने सहज पाहिलं तर सुईवर दोन धागे एकदम चालले होते. एक साधी करडी लोकर आणि तिच्या जोडीला बारीक, केसाळ पांढरा धागा. रेणूने विचारून हात लावला. खालचा भाग गुळगुळीत होता. जिथून दुसरा धागा सुरू झाला होता, तिथे बोटांना एकदम लव लागली. तिने डोळे मिटून पुन्हा बोट फिरवलं. पट्टा नेमका कुठे बदलला ते न बघता कळत होतं.

रोज सुपेल्याला उतरणारी रेणू आज आधीच्या पॉवर हाऊसच्या स्टॉपवरच उतरली आणि जवळजवळ पळतच लोकरीच्या दुकानात शिरली.

रेणूच्या सासूबाई, सिंधुताई, लग्न होऊन भंडाऱ्याकडून भिलाईला आल्या तेव्हापासून विणत होत्या. नवरा देवाजी स्टील प्लांटमध्ये होते. ते रिटायर झाले, मुलगा कमलेश, म्हणजे रेणूचा नवरा, तिथेच लागला, तरी दर हिवाळ्यात घरात नवं काहीतरी विणलं जायचंच. मग काचबिंदूने सिंधुताईंची नजर गेली. उजेड आणि सावली कळायची, रंग नाही. तशातही त्यांनी कमलेशला निळा स्वेटर विणला. तो घालून कमलेश महिनाभर ड्यूटीवर जात राहिला. एका बाहीला काळी लोकर लागली आहे हे त्याला दिसलं होतं, रेणूलाही दिसलं होतं. आईला वाईट वाटेल म्हणून दोघंही गप्प राहिले. शेवटी एका शेजारणीनेच दारात विचारलं, एक बाही काळी का म्हणून. सिंधुताईंनी त्याच दिवशी अख्खा स्वेटर उसवला आणि सुया रेणूच्या हातात देऊन कपाटावर ठेवायला सांगितल्या. त्या गोष्टीला दोन वर्षं झाली होती.

रेणू घरी आली ती चप्पल काढायच्या आतच बोलत सुटली. लोकरीची पिशवी सिंधुताईंच्या मांडीवर रिकामी केली. त्यांनी हात मागे घेतला.

"मले नको देऊ. पुन्हा कोनाची बाही काळी करू?"

"रंग माह्यावर सोडा, आई. तुमी फक्त हात लावून सांगा, कोनतं कोनतं होय."

सिंधुताईंनी मांडीवरचे गुंडे चाचपले. मग त्यांनी एक गुंडा उचलला. केसाळ धागा गालाला लावला आणि म्हणाल्या, हे मांजर. गुठळ्या-गुठळ्यांची लोकर बोटांत फिरवली, तिचं नाव साबुदाणा ठरलं. जाड सुती धागा सुतळी झाला. तिसऱ्या नावाला त्यांना स्वतःलाच हसू आलं. देवाजी पेपर बाजूला ठेवून उठले आणि कपाटावरच्या सुया काढून पुसू लागले.

साध्या लोकरीबरोबर यातला एकेक धागा जोडून शाल विणायची ठरली. शाल देवाजींसाठी. लाल लोकरीला मांजर, पिवळीला सुतळी, निळीला साबुदाणा. दोन धागे एकमेकांत गुंतू लागले तेव्हा देवाजींनी प्रत्येक गुंडा वेगळ्या डब्यात ठेवून दिला. सिंधुताई मागचा पट्टा चाचपून पाहायच्या आणि पुढचा धागा मागायच्या. रेणू रोज बसमधून उतरली की पाय उचलून घरी यायची. आज किती बोटं वाढली हे तिला आधी बघायचं असायचं.

एका रविवारी रेणू माहेरी भिलाई-3 ला गेली होती. परत आली तर शालीच्या मध्यावर एक नवाच पट्टा होता. पोपटी आणि मरून, दोन्ही धागे एकत्र. साबुदाणा संपला म्हणून सिंधुताईंनी जुन्या पेटीतली उरलेली लोकर चाचपून दोन गुंडे निवडले होते. देवाजी तेव्हा बाजारात गेले होते. एक गुंडा बारीक आणि पिळाचा, दुसरा फुगीर, हाताला जोडी बरी लागली म्हणून घेतले. वीतभर विणूनही झालं होतं.

पोपटी आणि मरून रेणूने जन्मात शेजारी ठेवले नसते.

"कसं दिसून राहिलं?" सिंधुताईंनी विचारलं. "खरं सांग. मागच्या वेळी तू गप्प राहिली होतीस, मले माहीत आहे."

रेणूने शाल उचलली, अंगणात नेली, दोरीवर टाकली आणि फाटकापर्यंत मागे गेली. मग वळून पाहिलं. तिथून पोपटी वेगळा दिसत नव्हता, मरूनही नाही. आंब्याला नवी पालवी फुटते, तांबूस आणि हिरवी एकाच वेळी, तसा तो पट्टा उन्हात दिसत होता. लाल, पिवळे, निळे पट्टे त्याच्यापुढे फिके पडले होते.

ती धावत आत आली. जवळून पाहिलं तेव्हा भीती वाटली होती, हेही तिने सांगितलं. मग अंगणातलं सगळं सांगितलं. सिंधुताईंनी मध्येच तिचं मनगट घट्ट धरलं.

"आंब्याची पालवी? मी केली?"

"तुमीच केली, आई. माह्या डोक्यात आलं नसतं."

त्या संध्याकाळी पेटीतली सगळी लोकर चादरीवर ओतली गेली. सिंधुताई दोन-दोन धागे बोटांवर एकत्र पिळून बघत होत्या, रेणू कोणते रंग आले ते सांगत होती. देवाजींना स्वयंपाकाची आठवण करून द्यावी लागली, आणि तरी कोणी उठलं नाही. शेवटी त्यांनीच खिचडी टाकली.

शाल जानेवारीत पुरी झाली. देवाजी ती पांघरून सकाळी फिरायला गेले आणि प्लांटमधले जुने सोबती फकिरा यांनी त्यांना रस्त्यातच उभं करून शाल उलटीसुलटी पाहिली. दुसऱ्या दिवशी फकिरांची बायको अन्नपूर्णा लोकरीची पिशवी घेऊन दारात हजर. तिला नातवासाठी टोपी हवी होती आणि रंग कोणते घ्यावेत ते समजत नव्हतं.

सिंधुताईंनी पिशवीत हात घातला. तीन गुंडे लगेच बाहेर काढून ठेवले. हे टोचतात, लेकराच्या कानाले चालत नाहीत, म्हणाल्या. मग दोन मऊ गुंडे हाताला लागले तसा त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी रेणूला हाक मारली.

"ये लवकर. रंग सांग, मले आजच टाके घालायचे आहेत."