पिवळ्या गाडीतला कॅमेरा

मी कॅमेरा बोलतोय. कंपनीचं नाव सांगणार नाही. सांगितलं की तुमच्यातले निम्मे लोक लगेच मान डोलवतील, उरलेले नाक मुरडतील, आणि माझं म्हणणं कुणीच ऐकणार नाही. नाशकात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एवढंच सांगतो की माझा गळ्यातला पट्टा पिवळा होता आणि समोरच्या कंपनीचा लाल असतो.

परदेशातल्या एका कारखान्यात मी जन्मलो आणि खोक्यात बसून कॉलेज रोडवरच्या दुकानात आलो. काचेच्या कपाटात माझ्या शेजारी एक लाल पट्टेवाला होता. आमचं अजिबात वाकडं नव्हतं. त्याच्यात रंग जरा गोड यायचे, माझ्यात अंधारातलं जरा जास्त दिसायचं, एवढाच काय तो फरक. वैर आमच्यात नव्हतंच. ते गिऱ्हाइकं घरून घेऊन यायची.

माझे मालक वेणीमाधवकाका. पंचवटीतलं भिक्षुकाचं घराणं, पण काकांनी जन्म विमा कार्यालयात काढला. निवृत्त झाल्यावर त्यांना फोटोग्राफीचा छंद जडला. म्हणजे फोटो काढायचा नव्हे, कॅमेरा निवडायचा. रोज जेवण झालं की मोबाईलवर लाल की पिवळा याचे व्हिडिओ. दुकानात आले की मला हातात घ्यायचे, उलटंपालटं करायचे, "बघतो, कळवतो" म्हणायचे आणि जायचे. मुलगी दाखवायला न्यावी तसा मी किती वेळा दाखवला गेलो असेन.

शेवटी मला घेतलं ते माझ्या गुणांमुळे नाहीच. क्लबातल्या भिमाजी सरांकडे पिवळ्यांची एक भलीमोठी लेन्स होती, पक्ष्यांच्या डोळ्यातली बाहुली दिसेल अशी. पिवळा घेतला तर ती मागता येईल, म्हणून मी.

हा क्लब म्हणजे काय ते नीट ऐका. दहा-पंधरा निवृत्त आणि अर्धनिवृत्त माणसं रविवारी पहाटे नांदूर मध्यमेश्वरला पक्ष्यांचे फोटो काढायला जायची. दोन गाड्या निघायच्या, एक लाल, एक पिवळी. गाड्यांचे रंग नव्हेत हो, आतल्या पट्ट्यांचे. लाल कंपनीची लेन्स पिवळ्याला बसत नाही, म्हणून लेन्सा आपापल्यात फिरायच्या, आणि मग माणसंही आपापल्यातच फिरायला लागली. लाल गाडीचे म्होरके पिंपळगाव बसवंतचे धनराजशेठ, द्राक्षाच्या पॅकहाउसचे मालक. पिवळ्या गाडीचे भिमाजी सर, जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेले आणि अजून न थांबलेले.

वाटेत मिसळ खायला दोन्ही गाड्या थांबायच्या. तिथे खरी शिकार चालायची.

"गुरुजी, चुकले तुम्ही," धनराजशेठ काकांना म्हणायचे. भिक्षुकाचं घर म्हणून ते काकांना गुरुजीच म्हणत. "आमच्या लालमध्ये माणसाची कातडी लय भारी येते."

"आपण पक्षी काढायला चाललोय, धनराजशेठ," भिमाजी सर म्हणायचे. "पक्ष्याला कातडी कुठली? पिसं असतात. पाचवीच्या पुस्तकात आहे."

"सर, तुम्ही पुस्तकच काढा मग. पक्षी आम्ही काढतो."

मिसळीवर दुसरा रस्सा यायचा, तिसरा यायचा, पापड संपायचे. तोवर ऊन वर यायचं आणि पक्षी पाण्यावरून उठून गवतात गेलेले असायचे. परत येताना दोन्ही गाड्या एकमेकांना सांगायच्या की आज उजेडच बरोबर नव्हता.

घरी मला ड्राय बॉक्समध्ये ठेवत. काचेचं छोटं कपाट, आत आर्द्रतेचा काटा. काका दिवसातून दोनदा काटा बघायचे आणि, रविवार सोडले तर, महिन्यातून एकदा मला. बाहेर काढलं की भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून त्याचे फोटो घ्यायचे. मग ते कॉम्प्युटरवर इतके मोठे करायचे की अक्षरांचे नुसते ठिपके उरत, आणि म्हणायचे, "कोपऱ्यात जरा मऊ आहे, धार नाही." माझ्या आयुष्यातली पहिली दोन वर्षं मी छोट्या जाहिरातींचे फोटो काढण्यात घालवली. भाड्याने देणे आहे. पाहिजेत. हरवले आहेत. तुमच्यात अनुभवी म्हणवणाऱ्या माणसांचा अनुभव असाच असतो का, मला माहीत नाही. माझ्या मालकांचा तरी असाच होता.

घरात अजून दोघी होत्या. काकू, म्हणजे उत्तरा, आणि मुलगी इरा. इराने इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. गंगापूर रोडवरच्या एका बेकरीत ती काम करते, पहाटे पाव आणि दुपारी केक. काका बाहेर सांगायचे, "तिचं ऑनलाइन काहीतरी चालू आहे." इराने एकदा ते ऐकलं आणि पाहुण्यांसमोरच म्हणाली, "ऑनलाइन नाही, भट्टीवर चालू आहे."

तिला मी आवडायचो. एकदा तिने विचारलं, "बाबा, मी वापरू का? बेकरीत सकाळी उजेड फार छान येतो."

काकांनी काटा बघत उत्तर दिलं. "तुझ्या हातात काही टिकत नाही, इरा. कॉलेज टिकलं नाही, हा काय टिकणार."

पण काका दुपारी झोपले की ती मला काढायची. उगाच गुळगुळीत बोलणार नाही, चोरूनच काढायची. सेटिंग सगळं आपोआपवर टाकायची आणि दिसेल ते टिपायची. घंगाळात बुडवलेला पालक. गॅलरीत केस वाळवणाऱ्या काकू. काकू म्हणायच्या, "अगं, अवतार बघ माझा." इरा म्हणायची, "तोच बघतेय." दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्यातून माणूस गेला. पत्र्याच्या डब्याला कळणार नाही, पण कॅमेऱ्याला कळतं.

मग खंडेनवमी आली.

हत्यारांची पूजा करायचा दिवस. काकांनी पाटावर फडकं अंथरलं. विळी, स्क्रू-ड्रायव्हर, स्कूटरची किल्ली आणि मी. आता आमच्या जातीत आरसा नसतो. लेन्स काढली की आतला सेन्सर, म्हणजे माझं काळीज म्हणा, उघडंच पडतं. काकांनी लेन्स काढून बाजूला ठेवली.

"अहो, झाकण तरी राहू द्या," काकू म्हणाल्या.

"देवापुढे कुणी तोंड झाकून बसतं का?"

मग पाणी शिंपडलं, हळद वाहिली, कुंकू चिमटीत घेऊन वरून सोडलं, अक्षता टाकल्या. अक्षता उडून गेल्या. कुंकवाचं तसं नसतं. ते बसतं.

पुढच्या रविवारी प्रत्येक फोटोत आभाळाच्या उजव्या कोपऱ्यात एक काळपट डाग. करकोचा उडतोय आणि त्याच्यापुढे डाग. सूर्य उगवतोय आणि बाजूला डाग. मिसळीच्या टेबलावर धनराजशेठनी पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला आणि त्यांचं तोंड असं खुललं की जणू लग्नाचं बोलावणं आलं असावं.

"सांगत नव्हतो? हा पिवळ्यांचा जुनाच रोग हाय."

"रोग कॅमेऱ्याचा नाही," भिमाजी सर तापले. "हाताळणाऱ्याचा आहे. यांनी लेन्स बदलताना वारं बघितलं नसेल."

"म्हणजे चूक माझी?" काका म्हणाले.

"मी कंपनीच्या बाजूने बोलतोय."

"कंपनी तुम्हाला पेन्शन देते का, सर?"

झालं. सरांनी आपली लेन्स काकांच्या हातातून काढून घेतली. काका येताना लाल गाडीत बसून आले आणि घरी पाऊल टाकताच जाहीर केलं, "हा द्यायचा आणि लाल घ्यायचा. दुकानात बदल्यात घेतात." इतक्या शिकल्यासवरल्या माणसांत एकालाही माझ्या आत डोकवावंसं वाटलं नाही.

इराने डोकावलं. मोबाईलचा दिवा लावला, लेन्स काढली आणि हाक मारली. "बाबा, आत कुंकू आहे."

काका आले, वाकले. त्यांना दिसलं. मला माहीत आहे की त्यांना दिसलं, कारण मी त्यांचा डोळा अगदी जवळून पाहत होतो.

"देवाच्या कुंकवाने काही बिघडत नसतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इरा मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. आपल्या पगारातून मला साफ करवून घेतलं, आणि गच्चीवर नेऊन कोऱ्या आभाळाचा फोटो काढून वडिलांसमोर धरला. डाग नव्हता.

"तात्पुरतं आहे ते," काका म्हणाले.

"तुम्हाला चालत नसेल तर मला द्या. दुकानात देऊ नका."

"क्लबात सांगून बसलोय मी, इरा. आता मागे फिरलो तर धनराज काय म्हणेल?"

हे वाक्य मी कोरून ठेवलंय. घरात नीट चालणारा कॅमेरा आहे, तो हवा असलेली मुलगी आहे, आणि निर्णय पिंपळगावचा माणूस मिसळ खाताना काय म्हणेल यावर.

मी वाचलो ते एवढ्यामुळेच की लालमधला कुठला, हे ठरवायला काकांनी पुन्हा व्हिडिओ सुरू केले. दिवाळी गेली, संक्रांत गेली, द्राक्षं आली. होळीला ठरलं. रंगपंचमी झाली की दुसऱ्या दिवशी मला घेऊन दुकानात जायचं. इराला वाटलं होतं की विषय मागे पडला. तो पडला नव्हता, आणि ती रात्री जेवली नाही.

रंगपंचमीला आमच्याकडे रहाड उघडतात. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो, रहाड म्हणजे चौकातला जमिनीतला खोल हौद. वर्षभर फळ्या आणि माती टाकून बुजवलेला असतो. त्या दिवशी पूजा करून उघडतात, शिजवलेल्या रंगाचं पाणी भरतात आणि लोक त्यात उड्या मारतात. उडीला धप्पा म्हणतात. त्या दिवशी क्लबातला एकही माणूस कॅमेरा घराबाहेर काढत नाही. फ्लेमिंगोसाठी चिखलात लोळतील, पण गल्लीत रंग उडतो म्हणून काढणार नाहीत.

"आजचा दिवस तरी कॅमेरा माझ्याकडे दे," इरा काकूंना म्हणाली. काकूंनी कपाटाची किल्ली दिली आणि वर दुधाची पिशवी धुऊन दिली, मला गुंडाळायला.

चौकात ही गर्दी. हौदाच्या काठावर काका उभे होते, पांढरा झब्बा, हात मागे. ते दरवर्षी फक्त बघायला येतात. धनराजशेठ पिंपळगावहून आले होते, नखशिखांत गुलाबी. दुसऱ्या बाजूला भिमाजी सर, तेही गुलाबी. खंडेनवमीनंतर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नव्हतं. त्यांनी आता एकमेकांकडे पाहिलं. मग कोरड्या काकांकडे पाहिलं.

"सर, पाय तुम्ही धरा."

"धरले."

"अहो, मोबाईल आहे खिशात," काका म्हणाले.

"काढला," धनराजशेठ म्हणाले. "गुरुजी, आता नाय सुटका."

त्या दोघांनी काकांना झोका दिला. इरा गुडघ्यावर बसली होती, बरोबर समोर. काका हवेत होते, झब्बा फुगलेला, हात पसरलेले, तोंड उघडं. आणि त्या तोंडावर भीती नव्हती. ते हसत होते, दात नसलेल्या जागेसकट. मी तो क्षण पकडला. माझ्या आयुष्यात मी एवढा खूश कधी झालो नव्हतो.

पुढच्या क्षणी काका पाण्यात पडले आणि त्यांच्या वजनाचं सगळं पाणी आमच्या अंगावर आलं. पिशवीने आतलं वाचवलं. बाहेरचं नाही. पट्टा गुलाबी, पकडीचं रबर गुलाबी, खाचाखोचा गुलाबी.

इराने रात्रभर ओल्या फडक्याने पुसलं. शिजवलेला रंग तो. नाही निघाला. सकाळी काका मला दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने मला वरून धरलं, खालून धरलं.

"काका, चालतोय झकास. पण हा मी पुढे कुणाला विकू? होळीतून काढलेला दिसतोय."

"रंग काही मुद्दाम नाही उडवला," काका म्हणाले.

"कुणी उडवला?"

काकांनी मला त्याच्या हातातून परत घेतलं. "मीच," ते म्हणाले.

लाल त्यांनी घेतलाच. मला बदल्यात घेतलं नाही म्हणून अडून बसणारे नव्हतेच ते. घरी आल्यावर मला त्यांनी इराच्या टेबलावर ठेवलं, पाव भाजायला जायची तिची पिशवी असते तिथे. "दुकानवाला घेत नाही म्हणतो," एवढंच म्हणाले. इराने त्यांना हवेतला फोटो दाखवला. काकांनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहिला. "फोकस कानावर गेलाय," म्हणाले. आणि तोच फोटो मागून घेतला आणि मोबाईलवर स्वतःच्या नावापुढे लावला. क्लबाच्या ग्रुपवर विचारणा झाली, कुणी काढला म्हणून. काकांनी उत्तर लिहिलं, "इराने काढला." एवढं लिहायलाही त्यांची बोटं जड झाली असतील, पण लिहिलं.

आता मी कपाटात राहत नाही. दारामागच्या खिळ्याला छत्रीशेजारी लटकतो. काटा-बिटा कुणी बघत नाही. माझ्यावर पीठ बसतं, लोणी लागतं, पहाटेच्या भट्टीचा उजेड रोज माझ्यातून जातो. कदाचित लवकर म्हातारा होईन. माझं मॉडेल कंपनीने बंदच केलंय म्हणे. होऊ दे. कपाटात तो नवा लाल बसलाय, छान रंग येतात बिचाऱ्याला, आणि सध्या तो छोट्या जाहिराती वाचतोय. काकांनो, तुमच्या घरी असा कुणी असेल तर त्याला बाहेर काढा, नाहीतर ज्याला हवा आहे त्याला द्या. कंपनी कुठली ते नंतर भांडा. मिसळ कुठे पळून जात नाही.

काल इरा स्कूटरवर बाजारात निघाली. काका म्हणाले, "मीही येतो." मागे बसले. तिने मला आपल्या गळ्यातून काढून त्यांच्या गळ्यात अडकवलं, कारण तिला गाडी चालवायची होती. रामकुंडाच्या वळणावर भाजीवाल्यांच्या ताडपत्र्यांमधून ऊन आलं, तेव्हा काकांनी मला उचललं. ना उजेड मोजला, ना बटणं फिरवली. तिच्या खांद्यावरून सरळ दाबलं.

फोटो पार हललेला आला. ताडपत्री, ऊन, तिचा अर्धा कान. स्कूटर गर्दीत थांबली तशी काकांनी पडदा तिच्यापुढे धरला.

"पुसून टाकू का?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या," इरा म्हणाली. "अजून एक काढा."