तिसऱ्या टेबलावरचं मीठ

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. माझा नवरा धर्मेंद्र म्हणतो, तू दूधवाल्याच्या म्हशीचीही साक्ष काढशील. काढीन. बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरची परीक्षक म्हणून जायला लागले, तेव्हापासून हा स्वभाव आणखी पक्का झाला. गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यावर आमच्याकडे केमिस्ट्रीचे शिक्षक बोटांवर मोजण्याइतके उरले. आज मी तुझ्या कॉलेजात, उद्या तू माझ्या. तू माझी पोरं सांभाळ, मी तुझी सांभाळते, हे न बोलताच ठरलेलं असतं.

त्या दिवशी नाकाडोंगरीच्या पुढच्या एका ज्युनिअर कॉलेजात गेले, तर तिथले केमिस्ट्रीचे हेमराज सर फाटकातच हात जोडून उभे. गोड बोलणारा माणूस दिसला की मी पर्स बगलेत घट्ट धरते. चहा आला, नको म्हटलं. पोहे आले, नको म्हटलं. दुपारी गावरान कोंबडीचा बेत आहे म्हणाले, तर मी डबा दाखवला. तेव्हा ते हसत म्हणाले, पुढच्या आठवड्यात मीच तुमच्या कॉलेजात परीक्षक म्हणून येतोय. यात हसण्यासारखं काय होतं? माझ्या मुलांचे मार्क त्यांच्या हातात असणार, एवढं मात्र मला कळलं.

प्रयोगशाळेत प्रत्येक टेबलावर एक बाटली होती, तिच्यावर नुसता नंबर. आत कोणतं मीठ आहे ते मुलांनी तपासून काढायचं. कोणत्या नंबरात काय, याची यादी सरांनी सकाळीच पाकिटात घालून माझ्याकडे दिली होती. केमिस्ट्रीत मीठ म्हणजे भाजीत घालतो तेवढंच नव्हे. अशी शेकडो मिठं आहेत, आणि त्यातली बरीचशी एका आईच्या लेकरांसारखी दिसतात. पांढरी, कडक, ठोकली की चुरा होणारी, पाण्यात गुमान विरघळणारी. तोंडावरून ओळख पटत नाही. ज्योतीत धरावीत, ॲसिड घालावं, तेव्हा कुठे खरं बोलतात. मला ती आवडतात ती याचसाठी.

यादीप्रमाणे तिसऱ्या टेबलावर बेरियम क्लोराइड होतं. बेरियमनं ज्योत पोपटी होते, शेंबड्या पोरालाही कळावं अशी. पाच मुलांपैकी चौघांचं भराभर आटोपलं आणि ती हात पुसून मोकळी झाली. पाचवी दामिनी. चिखल्याच्या मँगनीज खाणीत काम करणाऱ्या माणसाची मुलगी. मीठ लावून ज्योतीत धरायची ती तारच ती अजून धूत होती. ॲसिडात बुडवायची, ज्योतीत धरायची, पुन्हा बुडवायची. माझा संशय तिच्यावरच गेला. ज्याला काही येत नाही तो हात फार हलवतो, हा माझा अनुभव.

तेवढ्यात हेमराज सर तिच्यामागून गेले आणि तिच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटले. तिनं मान हलवली. थोड्या वेळानं ते परत आले, परत वाकले. सापडली, म्हटलं. मी सरळ जाऊन तिचा पेपर उचलला.

तिनं लिहिलं होतं: ज्योत पिवळी, सल्फ्युरिक ॲसिड घातल्यावर साका, म्हणजे तळाशी गाळ, नाही, सूत्र NaCl. म्हणजे आपलं जेवणातलं मीठ.

माझा पारा चढला. एक तर सरांकडून उत्तर घ्यायचं, आणि तेही धड उतरवता येऊ नये? कॉपीचा अहवाल पाठवला की पोरीचं वर्ष जाणार होतं. मी पेनाचं टोपण काढलंसुद्धा. तेव्हा हेमराज सर घाईनं मध्ये आले. पोरगी कच्ची आहे, पाच-सहा मार्क देऊन सोडून द्या, लिखापढी कशाला, असं म्हणू लागले. कच्ची ती होती, आणि घाम यांना फुटला होता. टोपण मी पुन्हा लावलं. दामिनीला म्हटलं, तुझी तोंडी इथंच घेते.

बेरियम क्लोराइडचं सूत्र विचारलं. BaCl₂ म्हणाली. क्लोरीन दोन का? बेरियम दोन इलेक्ट्रॉन देतं आणि क्लोरीन एकच घेतं, म्हणून दोन लागतात. सोडियम एकच देतं, म्हणून तिथं एकाला एक. कोरड्या मिठातून वीज का जात नाही? आयन आपापल्या जागी जखडलेले असतात, पाण्यात सुटे होतात आणि मग वीज वाहून नेतात. न अडखळता सांगत होती. हिला कच्ची कोण म्हणेल? पण मी हार मानणारी नव्हे. ज्योत पिवळी दिसणं ही फसवी गोष्ट असते. तारेला बोटाचा घाम लागला तरी त्यातल्या मिठानं ती पिवळी होते. तेच तिला विचारलं.

"मले बी तसंच वाटलं, मॅडम," ती म्हणाली. "म्हून तार तीनदा धुतली. नुसत्या तारेनं ज्योत पिवळी होत नाही. मीठ लावलं का मंग होते. अन बेरियम असतं तर ॲसिडनं पांढरा साका बसला असता."

"सर तुझ्या कानात काय सांगत होते?"

तिनं आधी सरांकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

"बेरियम लिही म्हणून राहिले होते. पण मले हिरवी दिसलीच नाही, मॅडम."

मी बाटली उचलली. स्वतः तार धुतली, मीठ लावलं, ज्योतीत धरलं. हळदीसारखी पिवळी ज्योत. थोडं पाण्यात विरघळवून ॲसिड घातलं. पाणी तसंच स्वच्छ राहिलं. मग त्या चौघांचे पेपर पाहिले. चौघांनीही हिरवी ज्योत पाहिली होती आणि पांढरा साका पाहिला होता. यादीप्रमाणे चौघांचंही अगदी बरोबर होतं.

प्रयोगशाळेतला शिपाई जागेश्वर दाराशी उभा होता. त्याला विचारलं, तर त्यानं आडपडदा ठेवला नाही.

"बेरियम मागच्याच साली सरलं होतं, मॅडम. सर म्हणाले, खायचं मीठ भर. पोरायले तर बेरियम लिवा म्हून सांगूनच ठेवलं हाय."

मला हेमराज सरांचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. सकाळपासून मी चहावर संशय घेतला, कोंबडीवर घेतला, या पोरीच्या हातांवर घेतला. पाकिटातल्या यादीवर मात्र क्षणभरही घेतला नाही. सरांनी हळूच आठवण करून दिली की पुढच्या आठवड्यात ते माझ्याकडे येणार आहेत. या म्हटलं, माझ्या बाटल्यांत जे लिहिलंय तेच असतं.

यादीवरचं बेरियम मी खोडलं, सोडियम लिहिलं, त्याखाली कारण लिहून सही केली आणि सरांचीही घेतली. मग त्या चौघांना परत टेबलावर बोलावलं. याच बाटलीतलं मीठ घ्या आणि माझ्यासमोर करून दाखवा म्हटलं. पहिला भोजराज आला. त्यानं तार ज्योतीत धरली. ढळढळीत पिवळी. ज्योतीकडे पाहून झाल्यावर त्यानं मान वळवून हेमराज सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

"काय लिहू, मॅडम?" त्यानं विचारलं.

दिसलं ते लिही, म्हटलं. तरी त्याचं पेन चालेना. मला त्याची कीव आली. दोन वर्षं याच खोलीत त्याला फक्त ऐकायला शिकवलं होतं.

दामिनी अजून उभीच होती. एवढं सगळं झालं, पण तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिनं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"मॅडम, मग माझं बरोबर हाय ना?" तिनं विचारलं. "माहे बाबा म्हणत होते, सर सांगतीन तेच लिवजो, नाहीतर नापास करतीन."

बरोबर आहे, मी म्हटलं, पूर्ण मार्क. ती स्टुलावर बसली आणि हमसून रडायला लागली. मी माझ्या डब्याबरोबरची पाण्याची बाटली तिच्यापुढे ठेवली. तिनं ती हातात घेतली, आतलं पाणी उजेडात धरून पाहिलं, आणि मगच प्यायली.