सखूबाईंच्या परसातला चौरस

बाबा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि निवृत्त झाल्यावर आपटा गावी जाऊन गवत मोजत. जागा मनाने निवडली की माणूस देखणीच निवडतो, म्हणून त्यांनी गावाच्या नकाशावर चौरस आखले आणि चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठ्या आईला उचलायला लावल्या. स्वतःच्या हाताचाही त्यांना भरवसा नव्हता. एक चौरस नेमका सखूबाईंच्या गोठ्यामागे पडला. "सर, नदीवर चला, तिकडं फुलं हायत," असं त्या दर पावसाळ्यात सांगत. बाबांचा नियम एकच: जागा हलवायची नाही, असेल ते लिहायचं.

बाबा मार्चमध्ये गेले. पावसाळ्यातली शेवटची मोजणी राहिली होती. ती आटोपून अहवाल कॉलेजला पाठवायचा आणि काम बंद करायचं, असं आईला सांगून मी खांदा कॉलनीतल्या घरून निघाले. येतेय म्हणून सखूबाईंना आदल्या दिवशी फोन केला होता. तिथेच चुकलं.

चौरसाच्या चार खुंट्यांमधली जागा शेणाने सारवलेली होती. वर रांगोळी, मधोमध पणती. बाहेर गुडघाभर गवत. आत काडी नाही.

"सरांची जागा," सखूबाई म्हणाल्या. "सकालपासून बसून येक येक रोप उपटलं. मुलासकट."

"छान झालंय," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मग लिव की."

मी लिहिलं. त्या वाकून बघत होत्या.

"काय दिलंस?"

"शून्य."

"येवडं चकचकीत करून शून्य? बाय, तुजा बाप कडक होता, पन येवडा नाय!"

"गुण नाहीत हो ते. आत किती प्रकारचं गवत आहे ते मोजायचं होतं."

"गवत?" त्या मटकन बसल्या. "मला वाटं, मी साफ करत नाय म्हनून सर लिवून नेतात."

मला हसू आवरेना. बऱ्याच महिन्यांनी.

"आता म्हशीच्या पोटात हाय," त्या हळूच म्हणाल्या. "सरांचं काम बिघडलं का गो? बाजूचं घे ना. तेच गवत हाय."

तेच होतं. खुंट्या हातभर सरकवल्या असत्या, तर संध्याकाळी अहवाल गेला असता. मी एका खुंटीला हात घातला, आणि काढून घेतला.

"नको. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येईन."

"ये. हात नाय लावनार."

रस्त्यावर येऊन आईला फोन केला.

"संपलं?"

"नाही. अजून एक वर्ष."



"बरं झालं," आई म्हणाली.